लिफ्टच्या आरशात चेहरा इतका वाईट का दिसतो?

घरच्या आरशात ठीकठाक दिसणारा चेहरा ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरला की आजारातून उठल्यासारखा दिसतो. डोळ्यांखाली काळं, गालांवर खड्डे, नाकापासून ओठांपर्यंत दोन खोल रेघा. घरून निघून लिफ्टपर्यंत यायला अर्धा तास लागला असेल. तेवढ्यात कातडी काही बदलत नाही. बदलतो तो दिवा: तो कुठून पडतोय, केवढा मोठा आहे आणि कोणत्या रंगाचा आहे. या तीन गोष्टी कळल्या की लिफ्टमधला चेहरा, सेल्फीतला चेहरा आणि लग्नाच्या बायोडाटावरचा चेहरा एकमेकांशी का जुळत नाहीत ते समजतं.

नागपुरात फोटोचं दुकान चालवणाऱ्याला हा विषय टाळताच येत नाही. पासपोर्टचा फोटो हातात पडला की गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "दादा, इतकं काही नाही जी माझ्या तोंडावर." आणि दुसरं, "जरा साफ करून द्या ना." साफ करणं हे कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. पण गिऱ्हाईक बऱ्याचदा बरोबर बोलत असतं. खरंच इतकं नसतं.

दोन जातींचे डाग

चेहऱ्यावर आपल्याला जे जे खुपतं ते सगळं एकाच टोपलीत टाकायची सवय असते. त्यात मुळात दोन जाती आहेत. पहिली रंगाची: वांग, मुरूम गेल्यावर मागे राहिलेला काळसर डाग, नाकाशेजारची लाली, तीळ, उन्हाने रापलेलं कपाळ. दुसरी उंचसखलपणाची: मुरमांचे खड्डे, ताजा फोड, सुरकुती, नाकावरची मोठी छिद्रं, डोळ्यांखालची खळगी. ओळखायचं कसं? डोळे मिटून बोट फिरवा. बोटाला लागलं तर दुसऱ्या जातीचं, नाही लागलं तर पहिल्या.

फरक महत्त्वाचा अशासाठी की उजेडाची दिशा दुसऱ्या जातीवर चालते आणि उजेडाचा रंग पहिल्या जातीवर. दिवा कितीही फिरवा, वांग जात नाही. पण खड्डा दिवा फिरवल्यावर जवळजवळ नाहीसा होऊ शकतो, कारण खड्डा म्हणून आपण जे पाहतो त्यातला मोठा वाटा सावलीचा असतो.

दिवा कुठून पडतोय

घराला रंग द्यायच्या आधी पेंटर पुट्टी घासतो आणि मग एक बल्ब भिंतीला जवळजवळ चिकटवून फिरवतो. समोरून सपाट दिसणारी भिंत त्या उजेडात एकदम ओबडधोबड दिसायला लागते. प्रत्येक उंचवटा आपली लांब सावली टाकतो. गालाचंही हेच होतं.

आकड्यांत सांगायचं तर, गालावर अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा आहे असं धरा. उजेड कातडीला अगदी घासून, म्हणजे १० अंशांच्या कोनातून आला, तर त्याची सावली जवळपास ३ मिलिमीटर लांब पडते. ४५ अंशांतून आला तर अर्धा मिलिमीटर. आणि जवळजवळ समोरून, ८० अंशांतून आला तर एक दशांश मिलिमीटरहून कमी. फोड तोच, सावलीत तीसपट फरक. खड्ड्याचं याच्या उलट: दिव्याकडची कड अंधारात जाते आणि पलीकडची भिंत उजळते. डोळा या काळ्या-पांढऱ्या जोडीवरून खोली वाचतो. जोडी जितकी ठळक, तितका खड्डा खोल वाटतो.

आता लिफ्टकडे या. लिफ्टचा दिवा छतात, नेमका डोक्यावर. कपाळ आणि नाकाचा शेंडा थोडे वर तोंड करून असतात, त्यांना भरपूर उजेड मिळतो. गाल मात्र उभे. वरून येणारा उजेड त्यांना घासून खाली जातो, म्हणजे पेंटरच्या बल्बसारखाच पडतो. भुवयांच्या हाडाची सावली डोळ्यांच्या खोबणीत, नाकाची सावली वरच्या ओठावर, गालाची सावली हसण्याच्या रेघेत. कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूमचं हेच, मेट्रोच्या डब्यात खिडकीच्या काचेत दिसणाऱ्या चेहऱ्याचंही बऱ्याच अंशी हेच. ट्रायल रूममध्ये लोकांना नवा शर्ट आवडत नाही त्यातले निम्मे वेळा दोष शर्टाचा नसावा, असा माझा जुना संशय आहे.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांची गंमत तर वेगळीच. त्यांत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: कातडीतला रंग, पातळ कातडीखालून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या आणि खळगीची सावली. क्रीमने सावली जात नाही, कुठल्याच. खिडकीसमोर उभं राहून हनुवटी वर करा, म्हणजे उजेड सरळ डोळ्यांखाली पडेल. काळेपणा बराच कमी झाला तर तुमचा प्रश्न मुख्यतः खळगीचा. तसाच राहिला तर रंगाचा किंवा रक्तवाहिन्यांचा. ही चाचणी फुकट आहे आणि क्रीम घ्यायला दुकानात जाण्याआधी करायची आहे.

मेंदूचाही यात हात आहे. सूर्य वर असतो या सवयीमुळे मेंदू गृहीत धरतो की उजेड वरूनच येतोय. म्हणून वरची बाजू उजळ आणि खालची काळी असलेला गोल आपल्याला उंचवटा वाटतो, आणि तेच चित्र उलटं केलं की खड्डा. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८० च्या दशकात या विषयावर प्रयोग केले होते. गालाचा अगदी जवळून काढलेला फोटो मोबाईलवर उलटा धरून पाहा, काही फोड खड्डे होतील आणि काही खड्डे फोड. हनुवटीखाली टॉर्च धरला की ओळखीचा माणूस भुतासारखा दिसतो तोही याच कारणाने. सगळ्या सावल्या चुकीच्या बाजूला पडतात आणि मेंदूला चेहरा जुळवता येत नाही.

नागपूरचं ऊन

नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडं खाली. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यात, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी नाहीशी होते. जमिनीवरची सावली नाहीशी झाली म्हणून चेहऱ्यावरची होत नाही. उलट ती सगळी चेहऱ्यातच साठते. मेमध्ये भर दुपारी काढलेला फोटो म्हणजे छत नसलेल्या लिफ्टमधला फोटो. त्यात ४५ अंश तापमानात डोळे बारीक करून उभं राहायचं, म्हणजे नसलेल्या सुरकुत्याही हजर.

डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही इथला सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच चढतो. पोर्ट्रेट काढताना मुख्य दिवा बरेच फोटोग्राफर जवळपास याच उंचीवर लावतात. नाकाची सावली छोटी आणि खाली-तिरकी, डोळ्यांत उजेडाचा ठिपका, हनुवटीखाली जबड्याची नीट कड. त्यामुळे लग्नसराईसाठी घराबाहेर फोटो काढायचा असेल तर नागपुरात हिवाळ्याची दुपार उन्हाळ्याच्या दुपारीपेक्षा कितीतरी बरी. तोंड दक्षिणेकडे, पण अगदी सूर्याच्या रेषेत नको.

दिशा चांगली असली तरी ऊन कडकच. सूर्य प्रचंड मोठा असला तरी आपल्याला आकाशात तो फक्त अर्ध्या अंशाएवढा दिसतो. एवढ्याशा ठिपक्यातून आलेला उजेड धारदार कडांची सावली टाकतो. दिवा खरा किती मोठा आहे यापेक्षा चेहऱ्यावरून तो किती मोठा दिसतो, यावर सावलीची धार ठरते. ढगाळ दिवशी अख्खं आकाश हाच दिवा होतो. उजेड शेकडो दिशांनी येतो आणि एका दिशेने पडलेली सावली दुसऱ्या दिशेचा उजेड भरून काढतो. जुलै-ऑगस्टमध्ये नागपुरात पावसाच्या दोन सरींमध्ये जो राखाडी, सपाट उजेड पडतो तो कातडीसाठी सर्वांत दयाळू. फोटो जरा मेंगळट येतो, हे मान्य. पण खड्डे शोधावे लागतात.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांमध्ये चौकाकडे तोंड करून पडवीत बसलेल्या आजीचे फोटो इतके देखणे का येतात, त्याचं उत्तर हेच. डोक्यावर छप्पर असल्याने वरचा उजेड अडतो, समोर चौकभर आकाश उघडं असतं आणि फरशीवरून थोडा उजेड उसळून हनुवटीखाली पोचतो. फ्लॅटमध्ये ही सोय खिडकी करते. खिडकीपासून हातभर अंतरावर उभं राहा, ती मोठा दिवा आहे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा, तीच खिडकी छोटा दिवा होते आणि उजेड कडक होतो. लोक उलटं समजतात. दिवा लांब गेला की सौम्य होतो असं वाटतं, कारण तो मंद होतो. मंद होणं आणि मऊ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उन्हाळ्यात एक खास नागपुरी अडचण येते. खिडकीला कूलर बसला की खोलीचा निम्मा उजेड गेला. मग दिवसासुद्धा ट्यूबलाइट, आणि ती बहुतेक घरांत भिंतीवर उंच, छताच्या जवळ. आरसा तिच्या बरोबर खाली असेल तर तुमच्या घरातच एक लिफ्ट तयार झाली.

दुकानातला एक प्रसंग सांगतो. एक काकू मुलीला घेऊन आल्या, बायोडाटाचा फोटो हवा होता. मुलगी स्टुलावर बसली तशी काकू म्हणाल्या, "भाऊ, हे गालावरचे खड्डे नाही आले पाहिजे बरं. मुलाकडचे लोक झूम करून करून पाहतात." मुलगी खाली बघत होती. शटर अर्धं उघडं, उजेड तिच्या डाव्या हाताने येत होता. डावा गाल अगदी नितळ. उजव्या गालावर मात्र उजेड नाकावरून घसरत जात होता आणि तिथे कानापर्यंत बारीक खड्ड्यांची गर्दी. दोन गाल दोन माणसांचे वाटावेत इतका फरक. मी दुसरं काही केलं नाही. स्टूल शटरकडे थोडं वळवलं आणि उजव्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा मोठा तक्ता उभा केला. खड्डे त्यांच्या जागीच होते, पण त्यांतली सावली भरून निघाली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काकूंनी स्वतः झूम केलं. हनुवटीजवळचे दोन काळसर डाग तेवढे जसेच्या तसे होते. "हे नाही गेले?" त्यांनी विचारलं. ते रंगाचे, काकू, ते कुठूनही पाहिले तरी दिसणार, म्हटलं. "राहू दे मग," मुलगीच म्हणाली, "तेवढं तर पाहिजेच."

उजेडाचा रंग

उजेड कातडीवर पडला की त्यातला जेमतेम चार-पाच टक्के भाग वरच्या वर परततो. ही चमक. उरलेला आत शिरतो, इकडेतिकडे विखुरतो, बराचसा शोषला जातो आणि वाचलेला पुन्हा बाहेर येतो. कातडीचा रंग म्हणून आपण पाहतो तो हा आतून फिरून आलेला उजेड. आत दोन मोठे ग्राहक बसलेले असतात. कातडीला सावळेपणा देणारं मेलॅनिन निळ्या टोकाचा उजेड जास्त खातं, लाल टोकाचा कमी. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरव्या-पिवळ्या पट्ट्यातला उजेड भरपूर खातं आणि लाल जवळपास सोडून देतं.

यावरून बरंच काही उलगडतं. लाल उजेड खोल जातो, आत लांबवर पसरतो, डागांना आणि लालीला फारसा अडत नाही. म्हणून पणतीच्या किंवा पिवळ्या बल्बच्या उजेडात चेहरे मऊ, एकसारखे दिसतात. दिवाळीच्या रात्री सगळेच बरे दिसतात यात नव्या कपड्यांइतकाच पणतीचा वाटा आहे. उजेडाचा रंग केल्विन या मापात सांगतात: पणतीचा उजेड साधारण १,९०० केल्विनचा, जुन्या पिवळ्या बल्बचा २,७०० च्या आसपास, दुपारच्या उन्हाचा साडेपाच हजाराच्या घरात. आकडा वाढतो तसा निळेपणा वाढतो आणि मेलॅनिनचे डाग ठळक होत जातात. मोबाईलमध्ये एखादं फोटो-एडिटिंग ॲप असेल तर आपल्याच फोटोचा फक्त लाल भाग आणि फक्त निळा भाग काळ्या-पांढऱ्यात वेगळा करून पाहा. लालमधला चेहरा गुळगुळीत, निळ्यातला पाहवत नाही.

याच कारणाने सुरुवातीच्या सिनेमातल्या नटांना जाड रंग फासावा लागत असे. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. साधी लालीसुद्धा पडद्यावर काळी येई. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात लाल रंगही टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात आली आणि मेकअपची सगळी पद्धतच बदलली.

आता हिरवी जाळी. उन्हाळ्यात नागपुरात सिग्नलवर, अंगणात, दुकानांपुढे, शाळेच्या मैदानावर हिरवी जाळी तानली जाते. सावलीसाठी उत्तम, चेहऱ्यासाठी वाईट. जाळीतून गाळून आलेल्या उजेडात हिरवा भाग जास्त आणि लाल कमी. हिमोग्लोबिन नेमका हिरवाच खातं. त्यामुळे मुरमांची लाली, नाकाशेजारच्या बारीक रक्तवाहिन्या, डोळ्यांखालचा निळसरपणा हे सगळं एकदम गडद होतं आणि बाकीचा चेहरा फिका, आजारी. जाळीखाली काढलेल्या लग्नाच्या फोटोंत आख्खं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. मोबाईल आपोआप रंग दुरुस्त करायचा प्रयत्न करतो, पण जो लाल उजेड आलाच नाही तो कुठून आणणार? दोन पावलं जाळीबाहेर सावलीत या, एवढाच उपाय.

एलईडीचंही असंच एक गुपित आहे. दिवा रंग किती खरे दाखवतो हे सांगायला सीआरआय नावाचा १०० पैकी आकडा असतो. साध्या घरगुती एलईडीचा ८० च्या आसपास असतो. पण तो आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांवरून काढतात. गडद लाल त्यात धरतच नाहीत, तो आर-९ नावाने वेगळा मोजावा लागतो. त्यामुळे ८० आकड्याचा दिवाही लाल रंगाच्या बाबतीत फार कच्चा असू शकतो, आणि कातडीचा जिवंतपणा सगळा लालमध्ये असतो. आरशाजवळ लावायचा दिवा घेताना खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त आहे का ते पाहा. वॉट पाहून काही कळत नाही.

सावळ्या आणि काळ्या कातडीचा मुद्दा वेगळा आणि त्यावर बोललं जात नाही. वरच्या वर परतणारी चमक सगळ्यांची जवळपास सारखीच. पण मेलॅनिन जास्त असलं की आतून परतणारा उजेड कमी, म्हणून तीच चमक सावळ्या चेहऱ्यावर कितीतरी उठून दिसते. छोट्या दिव्यात कपाळ आणि गाल चकाकतात, आणि त्या चकाकीच्या कडेला प्रत्येक छिद्र दिसतं. उपाय उजेड वाढवणं हा नाही, दिवा मोठा करणं हा आहे: खिडकी, पांढरी भिंत, पडदा. फोटोच्या धंद्याने याचा विचार उशिराच केला. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवायला जे कार्ड देत असे, ते 'शर्ली कार्ड', त्यावर कित्येक वर्षं गोरी बाईच होती. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डं १९९० च्या दशकात आली. आपल्याकडे तर फोटो न विचारताच दोन छटा उजळ करून द्यायची रीत आजही आहे. त्याने डाग जात नाहीत, नाकाची कड आणि गालाचा गोलवा तेवढा जातो.

अंतर

सेल्फीमध्ये नाक मोठं का दिसतं याचा दिव्याशी संबंध नाही, पण तक्रार इतकी येते की इथेच सांगून टाकतो. नाकाचा शेंडा कानांपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतो. मोबाईल ३० सेंटिमीटरवर धरला तर नाक ३० वर आणि कान ४२ वर. म्हणजे कानांच्या हिशेबाने नाक ४० टक्के मोठं येणार. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला तर फरक फक्त आठ टक्के. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित प्रसिद्ध केलं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा बुंधा ५ फुटांवरून काढलेल्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. नाकाच्या ऑपरेशनची चौकशी करायला लोक सेल्फी घेऊन येतात, म्हणून त्यांनी हा हिशेब मांडला होता. फोन टेकवून ठेवा, टायमर लावा, दीड-दोन मीटर मागे जा आणि मग झूम करा.

अंतराचा दुसरा अर्थ बघणाऱ्याचा. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. ३० सेंटिमीटरवर त्याचा अर्थ मिलिमीटरचा दहावा भाग, एका मीटरवर जवळपास ०.३ मिलिमीटर, दोन मीटरवर ०.६. नाकावरची बहुतेक छिद्रं एवढी मोठी नसतात. आरशाला नाक लावून तुम्ही जे पाहता ते समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्याला पोचतच नाही. मुरमांच्या खड्ड्यांची तीव्रता ठरवायला त्वचारोगतज्ज्ञ गुडमन आणि बॅरन यांची श्रेणी वापरतात, तिच्यातही ५० सेंटिमीटर किंवा जास्त अंतरावरून खड्डे सहज दिसतात का, हा एक निकष आहे. दुसरा निकष, कातडी ताणल्यावर ते सपाट होतात का. मोठं करून दाखवणाऱ्या मेकअपच्या आरशाला यात कुठे जागा नाही.

आणि फोटोत आपण 'वेगळेच' दिसतो त्यामागे एक साधं कारण उरतंच: आरशात डावं-उजवं उलटं असतं. १९७७ मध्ये तीन अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की माणसाला स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त आवडते, आणि त्याच्या मित्रांना त्याचा सरळ फोटो. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला आवडतं. कोणाचाच चेहरा दोन्हीकडून सारखा नसल्याने हा फरक खटकतो.

आधी आणि नंतर

हे सगळं सर्वांत हुशारीने वापरलं जातं ते जाहिरातींत. 'आधी'चा फोटो वरून किंवा बाजूने पडलेल्या छोट्या दिव्यात, चेहरा पुसलेला नाही म्हणून तेलकट, केस कपाळावर, ओठ खाली. 'नंतर'चा फोटो समोरच्या मोठ्या दिव्यात, चेहरा किंचित वर, हसू. क्रीम लावलंच नाही तरी फरक येतो. पकडायचं असेल तर डोळ्यांतला उजेडाचा ठिपका पाहा: दोन्ही फोटोंत त्याची जागा आणि आकार सारखा आहे का? नाकाखालची सावली दोन्हीकडे सारखीच पडलीय का? गळ्याचा, कानाचा आणि मागच्या भिंतीचा रंग बदललाय का? भिंत उजळली असेल तर क्रीम भिंतीलाही लावलं असं समजावं. सावल्या जुळत असतील आणि तरीही डागांचा रंग फिका पडलेला असेल, तर त्या फोटोला थोडी किंमत द्यायला हरकत नाही.

स्वतःच्या उपचाराची प्रगती नोंदवायची तर हेच नियम उलटे वापरा. रोज तीच खिडकी, तीच वेळ, मागचा कॅमेरा, ब्यूटी मोड बंद. फ्लॅश बंद, कारण तो लेन्सला चिकटून असतो आणि समोरून पडून खड्डे झाकतो, वर तेलाची चकाकी आणतो. दीड मीटर अंतर, एक फोटो समोरून आणि दोन्ही बाजूंनी तिरके. शेजारी एक पांढरा कागद धरला तर रंग नंतर जुळवता येतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर ते याच्या बरोबर उलट करतील. खड्डे पाहायला दिवा बाजूने, कातडीला घासून धरतील. वांग किती खोल आहे याचा अंदाज घ्यायला वुड्स लॅम्प नावाचा अतिनील दिवा अंधाऱ्या खोलीत लावतील. कधी डर्मोस्कोप, म्हणजे दिवा असलेलं भिंग, टेकवतील; त्याच्या ध्रुवीकृत उजेडात वरची चमक गाळली जाते आणि आतला रंग व रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. त्या खोलीतल्या आरशात स्वतःकडे बघायला जाऊ नका, तो उजेड दोष दिसावेत म्हणूनच लावलेला असतो. मेकअप आणि सनस्क्रीन मात्र जायच्या आधी धुऊन जा. त्यांतले काही पदार्थ वुड्स लॅम्पखाली वेगळेच चमकतात आणि तपासणीत गोंधळ होतो.